विहिरीतले दोन काळे गोटे

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नसतील तर रेडिओ चुलीजवळ घेऊन बसा, आज गोष्ट गोट्याची आहे आणि थोडी फल्लीच्या चिक्कीची पण.

वणीकडं आमच्या काकाजींच्या वावरात विहीर खोदली तेव्हा खालून काळा, पापुद्र्या-पापुद्र्याचा गोटा निघाला, पुस्तकात त्याला शेल म्हणतात. दोन वेगवेगळ्या थरांतला होता पण दिसायला सारखाच, जुन्या शाळेच्या पाटीवानी. काकाजींनी सगळा माल एकत्र करून गोठ्याच्या ओट्याखाली भरला. मी म्हटलं जरा पाहून तर घ्या, तर म्हणे, "गोटा म्हणजे गोटाच असते न बाप्पा, त्यात काय पाहाचं?" एक पावसाळा गेला आणि ओट्याची एक बाजू बसली, दुसरी जशीच्या तशी. उकरून पाह्यलं तर बसलेल्या बाजूला गोटा नव्हताच, चिखल होता.

आता झालं काय. शेल म्हणजे मुळात गाळ, इतका बारीक की त्यातल्या चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागापेक्षाही लहान. तो तळ्याच्या नाहीतर समुद्राच्या तळाशी बसला, वर थरावर थर येत गेले, दाबून दाबून त्याचा गोटा झाला. पण गाळात नुसती माती नसते. क्वार्ट्झ असते, म्हणजे आपल्या रेतीचाच भाऊ, चुन्याचं कॅल्साइट असते, कुठं सडलेल्या झाडपाल्याचा काळा कार्बन. काळा रंग बहुतेक त्या कार्बनचा, म्हणून रंगावरून ताकद काही समजत नाही. कडकपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7, कॅल्साइट 3 आणि चिकणमातीची खनिजं 1 ते अडीच, म्हणजे नखानं ओरखडा निघेल इतकी नरम.

चिक्की आठवा. दाणे भरपूर असले की दाण्याला दाणा टेकते, सगळा भार दाणे घेतात, चिक्की कडक होते आणि मोडली तर कट्कन मोडते. गूळ जास्त झाला की दाणे गुळात पोहत राहतात, मग भार गुळावर, आणि उन्हाळ्यात ती चिक्की वाकते, लांबते, बोटाला चिकटते. शेलमध्ये दाणे म्हणजे क्वार्ट्झ आणि कॅल्साइट, गूळ म्हणजे चिकणमाती. माती साधारण एक तृतीयांशाच्या पुढं गेली की गोट्याचा स्वभावच बदलायला लागते, तुटण्याऐवजी तो दबते, आणि तोच भार वर्षानुवर्षं राह्यला तर हळूहळू सरकत पण राहते. अमेरिकेत टेक्सासच्या बार्नेट शेलमधून गॅस काढतात तिथं म्हणूनच क्वार्ट्झवाला कडक थर शोधतात, पाण्याच्या दाबानं त्याला भेगा पडतात आणि रेती भरली की उघड्या राहतात, मातीवाल्यात रेती रुतून बसते आणि भेग मिटून जाते.

पण मातीमातीत पण फरक आहे जी, आणि काकाजींचा ओटा तिथंच फसला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते, भेगेत अख्खा हात जाते, आणि पहिल्या पावसात फुगून भेगा मिटतात? ती करामत स्मेक्टाइट नावाच्या खनिजाची, त्याच्या पापुद्र्यांच्या मधात पाणी शिरते. हेच स्मेक्टाइट ज्या शेलमध्ये आहे तो कोरडा असताना गोटा, ओला झाला की शेंबूड! केओलिनाइट, इलाइट ही पण चिकणमातीचीच खनिजं, पण ती इतकी फुगत नाहीत. गंमत म्हणजे गाळ खूप खोल गाडला गेला, उष्णता 60-70 अंशांच्या वर चढत गेली की लाखो वर्षांत स्मेक्टाइटचंच इलाइट होते आणि त्यातून सुटलेली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनते तेच, दाण्यादाण्याला डिंकावानी जोडते. म्हणून खोल शेकलेला शेल जास्त कडक, आणि जास्त ठिसूळ पण.

कोळसा खाणीजवळच्यांसाठी अजून एक. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या दगडमातीच्या, ढिगाऱ्यातल्या गोट्यात पिवळे चमकणारे ठिपके दिसतात ना, पोरं सोनं म्हणून खिशात घालतात, ते पायराइट, लोखंड आणि गंधक. हवा-पाणी लागलं की त्याचं ॲसिड बनते, शेजारी चुना असला तर ॲसिड त्याला खाऊन जिप्सम बनवते, आणि जिप्समला जागा जास्त लागते म्हणून आतूनच पापुद्रे उचकटतात. असा गोटा घराच्या पायव्यात अजिबात नको.

आणि लावायचा कसा ते पण पाहा. चपटे मातीचे कण सगळे आडवे बसलेले असतात, भाकरीच्या चवडीवानी. चवडीवर वरून हात दाबला तर काही होत नाही, चवड तिरपी धरून दाबली तर भाकरी भाकरीवरून घसरते. शेलचं तसंच, थर तिरपे आले की सगळ्यात कमी भारात सुटते, आणि माती जितकी जास्त तितकं लवकर.

गोटा पाण्यात किती टिकते ते पाहाले लॅबमध्ये जाळीचा ड्रम असते, 2 मिलिमीटरची जाळी, त्यात गोट्याचे तुकडे टाकून पाण्यात 10 मिनिटं, मिनिटाला 20 फेरे, आणि मग उरलं किती ते वजन करतात. घरी आधी तुकडा उन्हात चांगला वाळवा आणि मग घमेल्यात पाणी घेऊन रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कडा शाबूत तर ठीक, तळाशी लगदा दिसला तर तो गोटा धुऱ्यावर फेका. लिंबाच्या रसाचा थेंब गोट्याच्या भुकटीवर टाकून बुडबुडे आले तर चुना आहे समजा.

काकाजी आता ओट्यासाठी नवा माल आणला की घमेलं पाण्यानं भरतात खरं, पण रात्रभर कोण थांबते, दहा मिनिटांत गोटा बाहेर काढून मला फोन लावतात, "झालं न रे, काहीच नाही झालं याले."