बुडबुडा नको

पाण्याचा नमुना तपासणीला न्यायची ही काचेची कुपी, ४० मिलिलिटरची. हिच्यात पाणी धो धो ओतायचं नाही, काठावरून अलगद सोडायचं. पाणी तोंडाशी फुगून कडेच्या वर उभं राहील, पण सांडणार नाही, तिथे थांबायचं. आत आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, ते वाहून जाता कामा नयेत. झाकण घट्ट. कुपी उलटी. बोटाने टिचकी. एकही बुडबुडा दिसला, तर नमुना बाद.

इतका कडकपणा कशासाठी? बेंझिन, टोल्युईन, ट्रायक्लोरोइथिलीन ही बाष्पनशील सेंद्रिय संयुगं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना व्हीओसीच म्हणतात. थोडी मोकळी जागा मिळाली, की ती पाणी सोडून त्या जागेतल्या हवेत शिरतात. झाकण उघडताच पुरावा उडून जातो. आम्ल असतं ते सूक्ष्मजीवांनी संयुगं खाऊन टाकू नयेत म्हणून. मग कुपी बर्फात, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी.

तपासणीत मात्र मुद्दाम बुडबुडे सोडतात. बघा, हेलियम पाण्यातून खळखळत वर येतोय आणि संयुगांना सोबत नेतोय. पुढच्या नळीतल्या शोषक भुकटीत ती अडकतात. नळी एकदम तापवली, की सुटतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, वेटोळ्यात शिरतात. हे वेटोळं आतून पाव मिलिमीटर रुंद, लांबी ३० मीटर. इथे प्रत्येक संयुगाची चाल वेगळी, त्यामुळे पडद्यावर एकामागून एक सुळके उठतात. हा सुळका, रेणुभार ७८: बेंझिन.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो.

(निवेदन थांबते. विहीर, पंप, भरलेल्या कळशा.)

हवेतल्या व्हीओसींसाठी हे हातातलं यंत्र, पीआयडी, म्हणजे फोटोआयोनायझेशन डिटेक्टर. आतला अतिनील दिवा रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो आणि आकडा लगेच दिसतो. पण तो सगळ्या संयुगांचा मिळून असतो. त्यात बेंझिन किती, हे कळायला निर्वात पोलादी डब्यात हवा भरून पुन्हा क्रोमॅटोग्राफच गाठावा लागतो.

आता पाण्यातून ही संयुगं काढणारा हा उंच मनोरा. पाणी वरून झिरपतं, हवा खालून जोरात येते, तळाला पाणी स्वच्छ मिळतं. आणि संयुगं? ती वरून बाहेर पडणाऱ्या हवेत. तिथे त्यांना शोषून घेणारा कार्बन बसवला, तर कार्बनमध्ये. याला विल्हेवाट म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही. हा नुसता पत्ता बदलला.

रेणू तोडणारा प्रकाश हा, जांभळा. नळ्यांवर टायटॅनियम डायऑक्साईडचा थर आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच पदार्थावर अतिनील किरण पाडून पाण्याचं विघटन दाखवलं होतं. इथे तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, संयुगांवर तुटून पडतात. काम पुरतं झालं, तर उरतात कार्बन डायऑक्साईड आणि पाणी. अर्धवट राहिलं, तर हवेत फॉर्मल्डिहाईड येऊ शकतं.

आणि या काळपट बाटल्या. यांत ऑक्सिजन अजिबात नाही. आहेत डिहॅलोकोकॉइड्स जीवाणू. ट्रायक्लोरोइथिलीनमधला क्लोरीन ते एकेक करून काढतात. शेवटी राहतं निरुपद्रवी इथिलीन. पण यांचे सगळेच प्रकार शेवटची पायरी ओलांडत नाहीत. काही व्हिनिल क्लोराईडपाशी अडतात, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त ०.३ मायक्रोग्रॅम. म्हणून अहवालात ‘ट्रायक्लोरोइथिलीन आढळले नाही’ एवढं पुरत नाही. व्हिनिल क्लोराईड किती उरलं आणि इथिलीन किती तयार झालं, हे दोन्ही आकडे तिथे हवेत.