रेडिओवर शांतता चालत नाही

नमस्कार मंडळी! आम्हा रेडिओवाल्यांना एकाच गोष्टीची धास्ती असते, शांतता. चार सेकंद आवाज गेला की तुम्ही रेडिओला टपली मारून बघता, सेल गेले की काय म्हणून. आणि आज ज्यांच्याबद्दल बोलणारे त्यांनी अख्खा पिक्चर न बोलणाऱ्या माणसावर लिहिलाय. विजय तेंडुलकर.

आता तुम्ही म्हणाल तेंडुलकर म्हणजे नाटकवाले, शांतता कोर्ट चालू आहे, घाशीराम, सखाराम बाईंडर, त्यावरून झालेले राडे. बरोबरच आहे, पण त्या नादात आपण पटकथा लिहिणारे तेंडुलकर विसरतो हे मला काही पटत नाही. जन्म १९२८ चा, कोल्हापूरचा. पुढे बरीच वर्षं पेपरात नोकऱ्या केल्या आणि मला वाटतं बातमीत काय छापलं नाही ते शोधायची सवय तिथूनच लागली असणार.

'सामना' आठवा. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले, दारुडे मास्तर म्हणजे डॉ. लागू, आणि सगळा पिक्चर एका प्रश्नावर उभा, मारुती कांबळेचं काय झालं? बस. १९७५ ला बर्लिनच्या फेस्टिवलला गेला होता हा पिक्चर. मग दिग्दर्शक श्याम बेनेगलांसाठी 'निशांत', 'मंथन'. 'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातलेले आणि पटकथेचं नॅशनल अवॉर्ड तेंडुलकरांना मिळालं. १९७९ ला 'सिंहासन', अरुण साधूंच्या एक नाही दोन कादंबऱ्या, एवढी माणसं, एवढं राजकारण, ते सगळं एका पिक्चरमध्ये बसवायचं म्हणजे खायचं काम नाही हो.

पण माझा जीव अडकलाय तो 'आक्रोश'मध्ये. १९८०, दिग्दर्शक गोविंद निहलानी. लहान्या भिकू नावाचा आदिवासी, ओम पुरी, बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर, वकील नसीरुद्दीन जीव तोडून विचारतोय अरे बोल काहीतरी, आणि हा गप्प. नुसते डोळे. विचार करा, ज्या माणसाचं नाव संवादांसाठी झालं त्याने हिरोला संवादच दिले नाहीत! लिहायचं नाही म्हणजे लिहिणं सोपं असं कुणाला वाटत असेल तर एकदा करून बघा, कारण तो गप्प का आहे हे बाकीच्या प्रत्येकाच्या बोलण्यातून कळायला लागतं, आणि खरं काय ते बोललं तर मागे राहिलेल्यांचं काय होईल ही भीती आपल्याला त्याच्या आधी वाटायला लागते. शेवट सांगतो, इतक्या वर्षांनी रागवू नका. बापाच्या अंत्यविधीला बेड्यांसकट आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो, सख्ख्या बहिणीला मारतो, बायकोचं झालं ते हिचं होऊ नये म्हणून. आणि मग ओरडतो. तिथेही वाक्य नाही, नुसता आवाज. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती.

मग १९८३ चा 'अर्धसत्य' आला, श्री. दा. पानवलकरांच्या गोष्टीवरचा, त्यावर बोलायला बसलो तर आजचा टाइम संपेल, पुढच्या वेळी नक्की.

आता १९८२ चा 'उंबरठा', पटकथा तेंडुलकरांचीच, स्मिता पाटील, आणि सुरेश भटांचे शब्द. 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या'. मी गप्प बसतो, लतादीदींना ऐका.