वाचनालयातील संगणक उघडताना

हिंगणघाट तालुक्यातील एका गावाचे हे 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय. खिडकीतून दिसणारा रस्ता जिनिंगकडे जातो आणि वेचणीच्या दिवसांत त्यावरून कापसाने भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. त्या गाड्यांमागे उडणारी धूळ आणि रुईचे तंतू कुठे जाऊन बसतात, हे संगणकाच्या कॅबिनेटचे झाकण निघाल्यावर कळते. प्रोसेसर, म्हणजे संगणकाची सगळी कामे करणारी मुख्य चिप, थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या धातूच्या पात्यांवर राखाडी सायीसारखा थर धरला आहे. हा प्रोसेसर बदलून द्यायला आलेला तरुण तो थर चिमटीत धरून उचलतो, तेव्हा तो न तुटता नमद्याच्या तुकड्यासारखा सलग निघून येतो.

या संगणकात 2011 साली बाजारात आलेला पेंटियम जी 620 हा प्रोसेसर आहे. त्याला दोन कोर, म्हणजे काम करणारे गाभे, असून त्याचा वेग 2.6 गिगाहर्ट्झ आहे. एसएसडी ही वेगवान डिस्क आणि आठ जीबी रॅम आधीच बसवलेली असल्यामुळे संगणक सुरू लवकर होतो. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान, दाखल्यांच्या पीडीएफ आणि स्कॅनर एकाच वेळी उघडले की तो अडून बसतो. अशा वेळी यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांना टेकलेला दिसतो. ही खूण आधी पाहावी, कारण तिथे प्रोसेसरऐवजी डिस्क शंभरावर असेल तर प्रोसेसरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. नवा संगणक वाचनालयाच्या खर्चात बसत नाही, हे खरे आहे; पण तो बसला असता तरी मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी), पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट धडधाकट असलेले हे यंत्र भंगारात काढणे आम्हाला पटले नसते.

मदरबोर्डवर एच 61 चिपसेट आणि एलजीए 1155 हे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा, आहे. या सॉकेटमध्ये इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. चौथ्या पिढीचे सॉकेट वेगळे असल्याने केवळ 'आय 5' हे नाव वाचून खरेदी केली तर पैसे वाया जातात. येथे निवडलेला आय 5-3470 हा 2012 सालचा आहे. त्याचे कोर चार असून वेग 3.2 पासून 3.6 गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जुन्याची 65 वॅटची वीजवापराची मर्यादा याच्यात थोडीच वाढून 77 वॅट होते, त्यामुळे पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. सुरक्षित संकेतस्थळांवरील माहितीचे कूटलेखन उलगडण्याची जी स्वतंत्र सोय त्या पेंटियममध्ये नव्हती, तीही यात आहे. सेकंडहँड प्रोसेसर दीड हजार रुपयांच्या आसपास मिळाला.

पडद्यावर आता जी निळी पट्टी हळूहळू भरताना दिसते आहे, ती बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारी मदरबोर्डवरची प्रणाली, अद्ययावत होण्याची आहे. दुसऱ्या पिढीच्या काळातील मदरबोर्डला तिसरी पिढी ओळखता यावी म्हणून हे करावे लागते, आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. काही तयार संगणकांसाठी असे अद्ययावत बायोस मिळतच नाही. तेथे दुसऱ्या पिढीचा आय 5-2400 हा मार्ग उरतो. म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादी पैसे देण्यापूर्वीच तपासावी. पट्टी भरत असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. "काकाजी, इन्व्हर्टर चालू आहे नं?" असे तो तरुण ग्रंथपालांना दुसऱ्यांदा विचारतो. ग्रंथपाल उत्तर देत नाहीत, उठून हिरवा दिवा पाहून येतात.

पंख्याच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून हीटसिंक मोकळा केला जातो. त्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने ती पुसली जाते. लोखंडी दांडी वर उचलताच सॉकेट उघडते आणि जुना प्रोसेसर काढल्यावर 1155 बारीक पिना एकदम चमकतात. या पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. त्यातील एक जरी वाकली तरी काम बिघडते, म्हणून येथे बोटही लागू द्यायचे नाही. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण आणि कडेच्या दोन खाचा जुळवून तो अलगद ठेवला जातो. तो दाबायचा नसतो, स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दांडी मिटताना मात्र कर्रर् असा आवाज होतो आणि तो ऐकून पहिल्यांदा काम करणाऱ्याचा हात थांबतो. तो थांबू नये. मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून जोडीने दाबल्या की हीटसिंक सरळ बसतो.

पहिल्याच प्रयत्नात नव्या प्रोसेसरचे नाव पडद्यावर उमटले. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे त्याच संध्याकाळी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली बसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी अर्ज न अडता भरले गेले.

जुना पेंटियम नव्याच्या प्लास्टिकच्या खोबणीत ठेवला आहे. ग्रंथपाल जडवस्तू नोंदवही उघडतात, तारीख घालतात आणि एका ओळीत त्याची नोंद करतात.