गुडघा नवा, सूज मात्र जात नाही

गुडघा बदलायच्या ऑपरेशनला तीन महिने झाले की पेशंट दबक्या आवाजात विचारतात, "एक्स-रे चांगला आहे म्हणता, मग गुडघा अजून सुजलेला का?" घरात कुणीतरी म्हणालेलं असतं, अमके तर सहा आठवड्यांत जिने चढायला लागले. त्या एका वाक्यानं माणूस खचतो. म्हणून आधी हे सांगतो, की तीन महिन्यांनी सूज असणं म्हणजे ऑपरेशन फसलं, असं नाही.

सांध्यात धातू आणि प्लॅस्टिक नवं बसतं, पण भोवतालचे स्नायू, अस्थिबंध, कातडी तुमचीच असते आणि ती कापली-ताणली गेलेली असते. सूज तीन ते सहा महिने राहते, काहींची वर्षभरही रेंगाळते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. गुडघा हाताला गरम लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर वाटते, कारण तिथली बारीक नस छेद घेताना तुटते. यात घाबरण्यासारखं काही नाही.

माझ्याकडे एक आजी यायच्या. पाय सरळच होईना. बोलता बोलता कळलं, रात्रभर गुडघ्याखाली उशी. बरं वाटायचं त्यांना, कारण सुजलेल्या सांध्याला वाकलेलंच बरं वाटतं. पण तसाच ठेवला तर तो तसाच आखडतो. उशी घोट्याखाली सरकवली, टाच अधांतरी, गुडघा आपल्या वजनानं खाली. पहिल्या दिवशी पाच मिनिटांतच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्या रोज करत राहिल्या.

सांध्यात पाणी साठलं की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही. स्नायू दुबळा झाला की सांध्यावर ताण येतो, आणि सूज पुन्हा वाढते. म्हणून व्यायाम सोडायचा नाही आणि एका दिवशी बरं वाटलं म्हणून दुप्पटही करायचा नाही. आज केलेल्या व्यायामाची सूज उद्या सकाळी उतरली नसेल, तर तो जास्त झाला. मग थोडा कमी करा, पाय हृदयाच्या वर राहील असा ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा.

पोटरी दुखून ताठरली, अचानक धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर लगेच दवाखाना गाठा. आणि जंतुसंसर्गाची शंका असेल तर सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी अँटिबायोटिक घेऊ नका. मनानं तर नकोच. गोळीमुळे जंतू तपासणीत सापडत नाहीत आणि नेमका इलाज लांबतो.

शंभरातल्या दहा ते वीस जणांचं दुखणं मात्र खरंच मागे राहतं. त्यांना "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवू नये, असं मला कळकळीनं वाटतं. आधी बरं होऊन पुन्हा नव्यानं दुखायला लागलं, उठून पहिली पावलं टाकताना कळ येते, जिना उतरताना गुडघा दगा देतो, असं नेमकं सांगा. सांधा सैल झालाय का, आत जंतू आहेत का, ते पाहावं लागतं. कधी दुखण्याचं मूळ खुब्यात किंवा कमरेत सापडतं. कारण सापडेपर्यंत, नुसतं दुखतंय एवढ्यावर, दुसऱ्या ऑपरेशनला तयार होऊ नका.