शिंका मोजणारी खोली

[दृश्य : पहाट. अक्कलकोट रोड, यंत्रमागाची शेड. धोट्याचा खटखटाट.]

ट्यूबलाइटखाली पांढरं तरंगतंय ते धुकं नाही, सूत आहे. सोलापूरचा टॉवेल दुकानात मऊ लागतो तो पिंजून-विणून झाल्यावर. त्याआधीचा बराचसा कापूस हवेत असतो.

[दृश्य : अण्णा पंचा झटकतात, शिंकतात. पुन्हा शिंकतात.]

शेडमध्ये सगळे यांना अण्णाच म्हणतात. माग सुरू करायच्या आधी सात-आठ शिंका, मग नाकावर पंचा. वरच्या खिशात सेट्रिझिनची पट्टी. गोळीनं शिंका थांबतात, पण डोळ्यांवर झापड येते, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची. चालत्या मागापुढे डुलकी परवडत नाही.

[दृश्य : फार्मसी कॉलेजचा जिना. दाराशी चपला. आतून एसीचा आवाज.]

याच शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात ही खोली आहे. शिंकांवरचं नवं औषध इथे उंदरांवर तपासतात. बाहेर पारा 42 वर, आत 22. बारा तास उजेड, बारा तास अंधार, घड्याळ लावून. वीज गेली की जनरेटर आधी इथे जोडतात, प्राचार्यांच्या केबिनला नंतर.

पिंजऱ्यात पांढरे उंदीर. ‘बाल्ब-सी’ या वाणाचे, एकेकाचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम. उंदीर तोंडानं श्वास घेत नाही, नाकानंच घेतो. त्यामुळे त्याचं नाक चोंदलं की लपत नाही.

[दृश्य : टेबलावर काचेची छोटी बाटली. पांढरी पूड.]

उंदराला आपणहून अ‍ॅलर्जीची सर्दी होत नाही, ती घडवावी लागते. त्यासाठी ही पूड, ओव्हाल्ब्युमिन. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात निम्म्याहून जास्त प्रथिन हेच असतं. पहिल्या दिवशी ते अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारात मिसळून पोटात टोचतात. सातव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा. क्षाराचं काम एकच, शरीराला डिवचायचं. हळूहळू रक्तात ‘आयजीई’ जातीची प्रतिपिंडं तयार होतात आणि ‘मास्ट’ पेशींवर चिकटून बसतात. शिंका आणणारं हिस्टामिन हे रसायन पुढे याच पेशी सोडतात. अजून तरी बाहेरून काहीच दिसत नाही. उंदीर खातो, झोपतो, भुसा उकरतो.

[दृश्य : जवळून. पिपेटच्या टोकावर थेंब. उंदराचं नाक.]

एकविसाव्या दिवसापासून तेच प्रथिन नाकात, रोज, आठवडाभर. प्रत्येक नाकपुडीत दहा मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. एम.फार्म.च्या या मुलीचा हात पहिल्या दिवशी थरथरत होता. हा सहावा दिवस.

थेंबाच्या तासभर आधी औषध. ते टोकाला गोल मणी असलेल्या वाकड्या सुईनं तोंडावाटे थेट पोटात जातं. मणी अशासाठी, की घसा ओरखडू नये. पाच गट, प्रत्येकात सहा उंदीर. एका गटाला काहीच नाही. एकाला सर्दी, पण औषध नाही. एकाला सर्दी आणि अण्णांच्या खिशातलंच सेट्रिझिन. उरलेल्या दोघांना जे तपासायचं ते नवं औषध, कमी आणि जास्त मात्रेत. तीसच उंदीर का, उंदीरच का, याची उत्तरं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीला आधी लिहून द्यावी लागतात. तो ‘फॉर्म बी’ भरताना मुलीचे दोन महिने गेले.

[दृश्य : जुनं चित्र, गिनीपिग.]

ही वाट जुनी आहे. 1937 साली पॅरिसमध्ये अ‍ॅन-मारी स्टॉब आणि डॅनियल बोव्हे यांनी हिस्टामिनच्या माऱ्यातून गिनीपिग वाचवणारं रसायन दाखवलं. ते स्वतःच इतकं विषारी होतं की माणसाला देता येत नव्हतं. पण दार उघडलं. पुढे पाच वर्षांत माणसाला चालणारं पहिलं औषध आलं आणि 1957 साली बोव्हेंना नोबेल मिळालं. अण्णांची गोळी त्याच घराण्यातली.

[दृश्य : काचेची पेटी. हातात काउंटर. टिक. टिक.]

आता मोजणी. शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटं. उंदराची शिंक ऐकू येईलच असं नाही. डोकं झटकतं, अंग आखडतं, एवढंच. नाक चोळणं सोपं, दोन्ही पुढचे पंजे वर येतात. शिंकेचा काउंटर डाव्या हातात, चोळण्याचा उजव्या. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. माहीत असलं की बोट आपोआप जड किंवा हलकं पडतं. आमचा कॅमेरामन खोकला, तर ती पेटी बाद.

[दृश्य : पडद्यावर गुलाबी ठिपके.]

प्रयोग संपला की तीसही उंदीर भूल देऊन मारले जातात.

नाकाच्या हाडातला कॅल्शियम काढायला कितीतरी दिवस लागतात, तेव्हा कुठे त्याचा पापुद्रा कापता येतो. मग इओसिनचा रंग. ज्या पेशी तो शोषून लाल-गुलाबी होतात त्या इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या खुणा. रंग कशाला किती चढतो हे सोलापूरला शिकवायला नको. औषध न दिलेल्या गटाची काच गुलाबी ठिपक्यांनी भरलेली आहे. सेट्रिझिनवाली थोडी फिकट. नव्या औषधाची त्याहून फिकट. मुलगी पुन्हा मोजते.

[दृश्य : शेड. मागाखालची धूळ. झाडू.]

पण उंदीर शिंकला तो अंड्यामुळे. अण्णा कशामुळे शिंकतात? कापसाची धूळ नाकाला नुसती टोचतेही, तिथे अ‍ॅलर्जी असायलाच हवी असं नाही. त्या धुळीत सूत असेल, बुरशी असेल, धुळीतले किडे असतील, शेडमागच्या गाजरगवताचे परागही असतील. धुळीतले किडे आणि पराग वापरूनही असे उंदरांचे प्रयोग होतात. या खोलीत अजून झालेले नाहीत.

[दृश्य : मुलगी मागाखालची धूळ पिशवीत भरते. अण्णा पिशवीचं तोंड धरतात.]

“एवढीशी कशाला, पोतं भरून ने की,” अण्णा म्हणतात.

[दृश्य : प्रयोगशाळेची फळी. पांढऱ्या पुडीची बाटली, शेजारी पिशवी. टेबलावर कोरा ‘फॉर्म बी’.]