हेलसिंकीतला धर्माचा तास

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत धर्माचा तास आला की वर्ग पांगतो. सहसा सगळ्यात मोठा गट ल्युथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, मुलांचा. थोडी मुलं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्माच्या तासाला जातात, काही इस्लामच्या. कुठल्याच धर्मात नाव नसलेल्यांसाठी नीतिविचाराचा वेगळा विषय असतो.

कायदाच तसा आहे. नोंदणी झालेल्या एखाद्या धर्माची तीन मुलं नगरपालिकेच्या शाळांत मिळून असली आणि पालकांनी मागणी केली, तर त्या धर्माचा तास द्यावाच लागतो. २००३ पासून हा तास ‘स्वतःच्या धर्मा’चा. पण त्यात प्रार्थना नाही, उपासना नाही. धर्म समजून घ्यायचा, पाळायला शिकवायचं नाही.

कागदावर हे सोपं वाटतं. इस्लामचा शिक्षक वर्गात उभा राहतो तेव्हा समोर सुन्नी असतात, शिया असतात. सोमाली घरातली मुलं असतात, इराकी घरातलीही. पुष्कळदा दोन-तीन इयत्ता एकत्र. अभ्यासक्रम मात्र सगळ्यांना एकच. काही पालक म्हणतात, कुराण पाठ का करून घेत नाही? आणि शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या तरी मनात शंका, हा दार लावून नेमकं शिकवतो तरी काय?

गंमत अशी, की एखादी मुलगी पोहण्याच्या तासाला नको म्हणाली, एखादा मुलगा संगीताला बसेना, की वर्गशिक्षक ह्याच माणसाकडे येतात. ‘जरा घरच्यांशी बोलाल का?’ संशोधक इंकेरी रिस्सानेन यांनी इस्लामच्या शिक्षकांचा अभ्यास केला, त्यातही ही मध्यस्थी ठळक दिसते.

मुलांना वेगळं बसवायचंच कशाला, असं विचारणारे शिक्षकही आहेत. हेलसिंकीतल्याच कुलोसारी भागातल्या शाळेनं २०१३ मध्ये काही तास एकत्र घेऊन पाहिले. विचार वाईट नाही. एकमेकांचं ऐकायला मुलांनी एका खोलीत तर असायला हवं. पण अल्पसंख्य धर्मांच्या शिक्षकांची धास्ती मला जास्त खरी वाटते. एकत्र वर्गात शिकवणार बहुधा ल्युथरन धर्म शिकवण्यात मुरलेला शिक्षक, आणि आपलं मूल होणार नमुना: ‘तुमच्यात काय करतात, सांग बघू.’

हेलसिंकी विद्यापीठात इस्लामच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण आहे, तरी पात्र शिक्षक कमीच पडतात. अनेक जण तासिका तत्त्वावर, सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या. एकत्र तासांवर शाळेची बैठक भरते, तेव्हा यांतला एखादा बहुधा दुसरीकडे वर्गावर असतो.