पोटाचं जुनं ऑपरेशन आणि गुदद्वाराचं रेडिएशन

नमस्कार श्रोतेहो. गुदद्वाराच्या कर्करोगावर पहिला इलाज सहसा ऑपरेशन नसतो. १९७४ साली डेट्रॉईटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी रेडिएशन आणि केमोथेरपी जोडीनं दिली, तेव्हा नंतरच्या ऑपरेशनमध्ये गाठ सापडलीच नाही. आज बहुतेकांचं गुदद्वार याच उपचारानं वाचतं. किरणं साधारण २८ वेळा, दर वेळी १.८ ग्रे, असे एकूण ५०.४ ग्रे. ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक. सोबत मायटोमायसिन आणि फाइव्ह-एफयू ही केमोथेरपीची औषधं; फाइव्ह-एफयूऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्याही देतात.

पण पोट आधी उघडलं गेलं असेल, तर एक गोष्ट आधी पाहावी लागते. लहान आतडं एरवी सतत हलत असतं. आज जो वेढा किरणांत आला, तो उद्या सरकलेला असतो. ऑपरेशननंतर आतडी ओटीपोटात चिकटली असतील, तर रोज तोच वेढा मार खातो. त्यातून पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, आतडं अरुंद होतं.

लघवी रोखून मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात, कारण ते आतड्याला वर ढकलतं. चिकटलेलं आतडं मात्र ढकललं जात नाही. म्हणून प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला येताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी आणाच. अपेंडिक्स, गर्भाशय, सिझेरियन, काहीही क्षुल्लक समजू नका. स्कॅनआधी पिण्याचं औषध दिलं की आतड्याचे वेढे उठून दिसतात आणि आयएमआरटी या, किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या तंत्रानं त्यांच्यावरची मात्रा कमी ठेवता येते. एका महत्त्वाच्या अमेरिकी चाचणीत मर्यादा अशी होती: लहान आतड्याच्या जास्तीत जास्त २० घन सेंटिमीटर भागालाच ४५ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळावी.

लहान आतड्याचा शेवटचा भाग आधीच काढलेला असेल, तर जुलाब वेगळे असतात. पित्ताम्ल, म्हणजे पित्तातलं आम्ल, मोठ्या आतड्यात उतरतं आणि जुलाब थांबवणारं नुसतं लोपेरामाइड पुरत नाही. अशा वेळी पित्ताम्ल बांधून ठेवणारं औषध कोलेस्टायरामिन उपयोगी पडतं, पण इतर औषधं त्याच्या एक तास आधी किंवा चार-सहा तासांनंतर घ्यावी लागतात. जुलाब वाढले, तर कॅपेसिटाबिन पुढे घ्यायचं की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

उपचार संपल्यावर गाठ लगेच गेली नाही, तर घाबरू नका. ती विरघळायला २६ आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून घाईनं तुकडा काढून तपासू नये. मात्र नंतर कधीही पोट फुगलं, उलट्या झाल्या, गॅस सरकेनासा झाला, तर थेट हॉस्पिटलमध्ये जा आणि पोहोचताच पहिलं वाक्य हेच बोला: आधी पोटाचं ऑपरेशन झालंय आणि रेडिएशनही घेतलंय.